मोहरीएवढं, पण दहा लाख टन!

बालमित्रांनो, स्वयंपाकघरात जा आणि मिसळणाच्या डब्यातून मोहरीचा एक चांगला टपोरा दाणा घ्या. दोन मिलिमीटर व्यासाचा असला म्हणजे झालं. तळहातावर ठेवा. वजन जाणवतं का? छे! फुंकर मारली तरी उडून जाईल.

आता अशी कल्पना करा, की हा दाणा मोहरीचा नाही. अणूच्या अगदी आत, मधोमध जे केंद्रक असतं, ते ज्या द्रव्याचं बनलेलं असतं, त्याच द्रव्याचा हा दाणा आहे. आकार तेवढाच, मोहरीएवढा. मग त्याचं वजन किती भरेल? जवळजवळ दहा लाख टन! आपल्या भागात उसाच्या हिशोबात बोललं की लवकर कळतं. रोज पाच हजार टन ऊस गाळणारा साखर कारखाना दोनशे दिवस अखंड चालवला, तर जेवढा ऊस गव्हाणीत पडेल, तेवढं वजन त्या एका दाण्याचं. रस्त्याने रांगेत जाणाऱ्या त्या सगळ्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रेलर एका मोहरीत!

खोटं वाटतं ना? पण हे द्रव्य कुठे लांब नाही. ते तुमच्या बोटात आहे, पाटीत आहे, भाकरीत आहे. फक्त ते फार फार थोड्या जागेत दडून बसलं आहे. किती थोड्या, ते बघू.

समजा, सोन्याचा एक अणू फुगवून एक किलोमीटर रुंद केला. म्हणजे आपल्या नातेपुत्यातला बाजार, शाळा, बसस्थानक, आळी-गल्ल्या, सगळं त्याच्या पोटात. मग त्याचं केंद्रक केवढं असेल? गावाच्या मधोमध ठेवलेल्या एका लिंबाएवढं! बाकी सगळ्या गावभर काय? तर नुसते इलेक्ट्रॉन, ज्यांना वजन जवळजवळ नाहीच. अणूच्या वजनातले शंभरातले नव्याण्णवांहून जास्त भाग त्या लिंबात. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात केंद्रक चांगलं बोराएवढं आणि इलेक्ट्रॉनच्या कक्षा त्याला लागूनच काढलेल्या असतात. त्या चित्राला मी नावं ठेवत नाही, कारण खऱ्या मापाने चित्र काढायचं तर पानावर केंद्रक दिसणारच नाही. पण चित्र बघताना हे लिंबू आणि गाव मनात ठेवा.

हे लिंबू आहे, हे अर्नेस्ट रदरफर्ड या शास्त्रज्ञाने १९११ मध्ये दाखवून दिलं. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दाटीवाटीने बसलेले असतात, हे पुढे कळलं. आणि आणखी एक गंमत कळली. कार्बनचं छोटं केंद्रक घ्या नाहीतर शिशाचं मोठं घ्या, दोन्हींमधल्या द्रव्याची घनता जवळपास सारखीच! पाण्याचा थेंब लहान असो की मोठा, पाणी पाण्याएवढंच दाट असतं की नाही? तसंच. म्हणून शास्त्रज्ञ म्हणू लागले, की केंद्रक म्हणजे एका विलक्षण द्रवाचा थेंबच आहे.

द्रव म्हटलं की प्रश्न आले. हा द्रव तापवला तर उकळतो का? दाबला तर किती दबतो? घट्ट आहे की पातळ? गरगर फिरवला तर चपटा होतो का? पाण्याबद्दल हे प्रश्न असते, तर आपण चूल पेटवली असती, पातेलं ठेवलं असतं. पण या थेंबाला पातेलं कुठलं आणि चूल कुठली? एक थेंब म्हणजे एका मिलिमीटरच्या अब्जाव्या भागाच्या शंभराव्या भागाएवढा! चिमटीत धरता येत नाही आणि सूक्ष्मदर्शकातून दिसतही नाही.

बाजारात कलिंगड घेताना आजोबा काय करतात? टिचकी मारून आवाज ऐकतात. आत न बघता आतलं ओळखतात. शास्त्रज्ञांनीही हाच मार्ग धरला. केंद्रकाला टिचकी मारायची. पण कशाने? सुई जाड पडते, प्रकाशही जाड पडतो. केंद्रकाला टिचकी मारायला दुसरं केंद्रकच हवं! एक केंद्रक दुसऱ्यावर जोरात आपटायचं आणि काय काय बाहेर पडतं ते मोजायचं. हेलियमपेक्षा जड केंद्रकांची अशी टक्कर घडवली, की तिला 'जड आयनांची टक्कर' म्हणतात. आयन म्हणजे इलेक्ट्रॉन कमी किंवा जास्त झालेला अणू.

आता एक प्रयोग. हा तुम्ही घरीच करायचा आहे. परसातलं आळूचं एक मोठं पान आणा. (पान हाताळून झाल्यावर हात धुवा, नाहीतर खाज सुटेल.) त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका. 'अळवावरचं पाणी' आपण उगाच म्हणत नाही, थेंब पानाला न चिकटता मोत्यासारखे गोल राहतात. पान अगदी हळू वाकवा आणि एक थेंब दुसऱ्याकडे घरंगळू द्या. दोघे भेटले, की एक होतात. पण नीट बघा हं, एक होताना लगेच गोल होत नाहीत. आधी लांबट, मग चपटा, पुन्हा लांबट, असं थरथरत थरथरत नवा मोठा थेंब शांत होतो. आता पानाला जरा झटका द्या. थेंब जोरात आपटले, तर फुटून बारीक शिंतोडे उडतात. आणि एक थेंब दुसऱ्याच्या मधोमध न लागता कडेला घासून गेला, तर काय होतं? ते तुम्हीच बघा आणि वहीत लिहून ठेवा.

केंद्रकांच्या टकरीतही असंच सगळं होतं. एकच मोठा फरक आहे. पाण्याचे थेंब एकमेकांना दूर लोटत नाहीत, केंद्रकं लोटतात. कारण प्रोटॉनवर धनप्रभार असतो आणि धन-धन एकमेकांना ढकलतात. दोन चुंबकांची सारखी टोकं एकमेकांजवळ आणून बघा. आता त्या टोकांना खळ लावली आहे असं समजा. जोर लावून टोकं टेकवलीत, तर खळीने चिकटतील, पण टेकेपर्यंत लोटालोटी चालूच. केंद्रकातली खळ म्हणजे केंद्रकीय बल. ते भलतंच जोरदार, पण फक्त अगदी जवळ आल्यावरच लागू पडतं. तेव्हा टक्कर घडवायची तर केंद्रकाला आधी प्रचंड वेग द्यायला हवा. हा वेग देणाऱ्या यंत्राला 'कणत्वरक' म्हणतात.

असं एक यंत्र आपल्या मुंबईत आहे. कुलाब्याला, समुद्राच्या काठाला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. डॉ. होमी भाभांनी १९४५ मध्ये ती सुरू केली. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि ही संस्था, दोघांनी मिळून १९८८ मध्ये 'पेलेट्रॉन' नावाचा त्वरक उभा केला. उभा केला हे अगदी खरं, कारण तो आडवा नाहीच! सुमारे २५ मीटर उंचीची, विहिरीसारखी गोल पोलादी टाकी, आणि तिच्यातून वरून खाली येणारी निर्वात नळी.

हे यंत्र कसं चालतं, ते मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

टाकीच्या मध्यावर एक मोठा धातूचा भाग असतो. त्याच्यावर धनप्रभार साठवत साठवत १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंत नेता येतो. आपल्या घरात वीज येते ती २३० व्होल्टची. म्हणजे घरच्या साठ हजार पट! हा प्रभार तिथपर्यंत न्यायचा कसा? तर रहाटगाडग्याने! जुन्या विहिरीवरचं रहाटगाडगं आजोबांना विचारा. गाडग्यांची माळ फिरत राहायची, प्रत्येक गाडगं थोडं थोडं पाणी वर आणायचं, ओतायचं आणि रिकामं खाली जायचं. पेलेट्रॉनमध्ये गाडग्यांच्या जागी धातूच्या कांड्या असतात आणि दोन कांड्यांमध्ये नायलॉनचा दुवा. या कांड्यांना इंग्रजीत 'पेलेट' म्हणतात, त्यावरून पेलेट्रॉन. प्रत्येक कांडी थोडा थोडा प्रभार घेऊन जाते आणि ओतून येते.

एवढा प्रभार साठला की वीज कडाडून टाकीच्या भिंतीवर उडी मारणार. ती मारू नये म्हणून टाकीत साधी हवा ठेवत नाहीत. सल्फर हेक्झाफ्लोराइड नावाचा वायू दाबाने भरतात. त्याच्यातून ठिणगीला वाट काढणं फार अवघड जातं.

आता खरी युक्ती. टाकीच्या वर ऑक्सिजनसारख्या एखाद्या मूलद्रव्याच्या अणूंना एक-एक जादा इलेक्ट्रॉन देतात. म्हणजे ते ऋण झाले. मधला भाग धन. झालं! ऋण आयन त्याच्याकडे ओढला जातो आणि वेगाने खाली येतो. मध्यावर पोचला, की तिथे कार्बनचा अतिशय पातळ पडदा असतो. त्याच्यातून आरपार जाताना आयनाचे इलेक्ट्रॉन खरवडले जातात, एक नाही, सात-आठ. आता तोच आयन धन झाला! आणि समोर कोण? तोच धनभाग, जो मघाशी ओढत होता. तो आता त्याला ढकलून देतो. ज्याने बोलावलं त्यानेच हाकललं, आणि दोन्ही वेळा वेग वाढला. आठ इलेक्ट्रॉन गेले असतील, तर दुसरा धक्का पहिल्याच्या सातपट.

असा धक्का खाल्लेला ऑक्सिजनचा आयन, पूर्ण १ कोटी ४० लाख व्होल्ट लावले असतील तर, सेकंदाला ३५ हजार किलोमीटरहून जास्त वेगाने बाहेर पडतो. पृथ्वीचा घेर ४० हजार किलोमीटर. म्हणजे तुम्ही 'एक' म्हणेपर्यंत याची पृथ्वीप्रदक्षिणा होत आली! टाकीच्या तळाशी चुंबकाने त्याला वळवून लक्ष्याकडे नेतात. लक्ष्य म्हणजे दुसऱ्या मूलद्रव्याचा पातळ पत्रा.

पुढे हाही वेग कमी पडू लागला. मग पेलेट्रॉनला आणखी एक रेषीय त्वरक जोडला, तो २००७ मध्ये पूर्ण झाला. त्यात तांब्याच्या पोकळ्या आहेत, आतून शिशाचा मुलामा दिलेल्या. द्रवरूप हेलियमने त्या उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतात. एवढ्या थंडीत शिसं 'अतिवाहक' होतं, म्हणजे विजेला जवळजवळ विरोधच करत नाही. आपल्या भांड्यांना कल्हई लावणारे दादा पूर्वी दारावर यायचे, त्यांची आठवण व्हावी असं हे काम. फक्त कल्हईऐवजी शिसं आणि दारावरच्या भट्टीऐवजी हेलियम.

आता या टकरीतून काय कळलं? आळूच्या पानाकडे परत या. दोन केंद्रकं चिकटून एक झाली, की नवं केंद्रक तापलेलं असतं. तापमान किती? सूर्याच्या गाभ्याच्या शेकडो पट. मग ते काय करतं? भाताच्या पातेल्यासारखं वाफ सोडतं. त्याची वाफ म्हणजे न्यूट्रॉन! एकेक न्यूट्रॉन उडून जातो आणि केंद्रक निवत जातं. शास्त्रज्ञ याला खरोखरच 'बाष्पीभवन' म्हणतात. टक्कर कडेला लागली असेल, तर केंद्रक भोवऱ्यासारखं फिरू लागतं. सेकंदाला किती फेरे? एकावर वीस शून्यं, एवढे! फिरता फिरता ते लांबट होतं आणि गॅमा किरण सोडत थांबतं. हे किरण टिपायला चारी बाजूंनी शोधक लावलेले असतात. किरणांच्या ऊर्जेवरून आकार ओळखतात, जसा तुम्ही आवाजावरून घागर भरली की नाही ते ओळखता. आणि कधी कधी थेंब इतका लांबतो, की मधे बारीक होऊन त्याचे दोन तुकडे होतात. युरेनियमचं केंद्रक असंच फुटतं. लीझ माइटनर आणि तिचा भाचा ओटो फ्रिश यांनी १९३८च्या शेवटी थेंबाच्याच उपमेवरून हे ओळखलं. अणुभट्टीत हेच घडतं.

या सगळ्यात केंद्रक थेंबच राहतं. थोडं वाफाळतं, थोडं फुटतं, इतकंच. पण त्याला याहूनही भयंकर तापवलं तर? प्रोटॉन आणि न्यूट्रॉन स्वतःच वितळतील का?

हो, प्रोटॉनच्या आतही कोणीतरी आहे. त्यांना 'क्वार्क' म्हणतात. प्रत्येक प्रोटॉनमध्ये तीन, प्रत्येक न्यूट्रॉनमध्ये तीन, आणि त्यांना बांधून ठेवणारे 'ग्लुऑन'. क्वार्क एकटा असा कधीच सापडत नाही. तो नेहमी घरात, कडी लावून.

पण आषाढात आपल्याकडे काय होतं? ज्ञानेश्वर माउलींची पालखी नातेपुत्यात मुक्कामाला येते. एरवी प्रत्येक जण आपापल्या घरात असतो. हा अमक्यांच्या घरचा, ती तमक्यांच्या घरची. पालखी आली की दारं उघडतात, सगळे रस्त्यावर, आणि मग कोण कुठल्या घरचा हे ओळखूच येत नाही. सगळी एकच गर्दी. केंद्रकाचं द्रव्य खूप तापवलं आणि दाबलं, की तसंच होतं. प्रोटॉन-न्यूट्रॉनची घरं उघडतात, क्वार्क आणि ग्लुऑन बाहेर येतात आणि एकच गर्दी होते. या गर्दीला 'क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा' असं भारदस्त नाव आहे. विश्वाचा जन्म झाला, तेव्हा पहिले काही मायक्रोसेकंद सगळं विश्व असंच होतं. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. मग विश्व निवलं, पालखी पुढे गेली, जो तो आपापल्या घरात गेला आणि कड्या लागल्या. त्या अजून लागलेल्याच आहेत.

त्या उघडायला कुलाब्याचं यंत्र पुरत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ ब्रुकहेवन इथे ३.८ किलोमीटर घेराच्या बोगद्यात २००० साली सोन्याची केंद्रकं समोरासमोर धडकू लागली. तिथे तापमान ४ लाख कोटी अंशांपर्यंत गेलं, म्हणजे सूर्याच्या गाभ्याच्या अडीच लाख पटींहून जास्त. मग नोव्हेंबर २०१० मध्ये युरोपातल्या 'सर्न' प्रयोगशाळेच्या २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात शिशाची केंद्रकं धडकली. प्रत्येकात २०८ प्रोटॉन-न्यूट्रॉन, दोघांत मिळून ४१६. आणि बाहेर किती कण पडले? हजारो! जादाचे आले कुठून? ऊर्जेतून. आइनस्टाइनचं प्रसिद्ध सूत्र तुम्ही ऐकलं असेल, ते इथे डोळ्यांदेखत खरं होतं.

सर्नमधला 'अलिस' हा प्रयोग खास याच कामासाठी आहे आणि त्यात भारतीय सुरुवातीपासून आहेत. पवईच्या आयआयटीतली मंडळीही आहेत. कोलकाता, भुवनेश्वर, चंदीगड, जयपूर, जम्मू आणि मुंबई इथल्या संस्थांनी मिळून या प्रयोगासाठी एक शोधक बनवला होता. मधमाशीच्या पोळ्यासारखे षटकोनी कप्पे, लाखाहून जास्त! प्रत्येक कप्प्यात वायू, आणि काम एकच, टकरीतून किती फोटॉन बाहेर पडले ते मोजायचं. भारत २०१७ मध्ये सर्नचा सहयोगी सदस्य झाला. तिथल्या आवारात नटराजाची मोठी मूर्ती आहे, तीही भारताने २००४ मध्ये भेट दिलेली.

या टकरींत एक गोष्ट अशी निघाली, की भले भले चकित झाले. सगळ्यांना वाटत होतं, एवढं तापलं म्हणजे क्वार्कांचा वायू होणार. वाफेसारखा, मोकळा. तसं असतं, तर कण सगळ्या बाजूंना सारखेच उडाले असते. पण झालं भलतंच. दोन केंद्रकं अगदी मधोमध न लागता थोडी बाजूला लागली, की त्यांचा एकमेकांवर आलेला भाग बदामाच्या आकाराचा असतो. दोन बांगड्या थोड्या सरकवून एकमेकींवर ठेवा, म्हणजे दिसेल. त्या बदामाच्या अरुंद बाजूने कण जास्त बाहेर पडले आणि लांब बाजूने कमी! म्हणजे आतले कण सुटे सुटे पळत नव्हते, एकमेकांना ढकलत, प्रवाहासारखे एकत्र वाहत होते. हे वायूचं लक्षण नाही, द्रवाचं आहे. २००५ मध्ये ब्रुकहेवनच्या शास्त्रज्ञांनी हे जाहीर केलं. आणि द्रव कसला? गुऱ्हाळातली काकवी किती दाटपणे ओघळते! पाणी त्यापेक्षा सहज वाहतं. या द्रवात मात्र आतलं घर्षण जवळजवळ नाहीच. आजवर माहीत असलेल्या सगळ्या द्रवांत सर्वांत सहज वाहणारा द्रव, आणि तोही सर्वांत तापलेला! टिकतो किती? सेकंदाच्या इतक्या बारीक भागापुरता, की आधी 'शून्य पूर्णांक' लिहून मग बावीस शून्यं मांडावी लागतात. एवढ्यात तो मोजायचा, म्हणजे खरं तर त्याचे उडालेले शिंतोडे मोजायचे.

अशा टकरी ऐकून काहींना भीती वाटते. २००८ च्या सप्टेंबरमध्ये सर्नचं हे यंत्र सुरू झालं, तेव्हा टीव्हीवर काही वाहिन्यांनी 'जगाचा अंत' म्हणून दिवसभर धमाल उडवून दिली होती. तुमच्या आई-बाबांना विचारा, आठवेल त्यांना. लहान मुलं खरोखर घाबरली होती, आणि मला ते अजिबात आवडलं नव्हतं. नीट हिशोब करा. शिशाच्या दोन केंद्रकांच्या टकरीतली सगळी ऊर्जा मिळूनसुद्धा तुम्ही एक टाळी वाजवता तिच्याहून हजारो पट कमी असते. ती भयंकर वाटते कारण ती सुईच्या टोकाहूनही कितीतरी बारीक जागेत कोंबलेली असते. शिवाय अंतराळातून येणारे विश्वकिरण आपल्या वातावरणावर याहूनही जोरात आदळत असतात, आज नाही, कोट्यवधी वर्षांपासून. चंद्रावरही आदळतात. चंद्र आहे तिथेच आहे.

भीतीपेक्षा गमतीची गोष्ट ऐका. जुन्या काळी किमयागार शिशाचं सोनं करायच्या नादाला लागले होते. परीस शोधत जन्म गेले. शिशात प्रोटॉन ८२, सोन्यात ७९. फरक फक्त तीनचा! पण रसायनं उकळून प्रोटॉन निघत नाहीत, ते लिंबाच्या आत असतात ना? सर्नमध्ये शिशाची दोन केंद्रकं एकमेकांना न धडकता अगदी जवळून सुसाट गेली, की त्यांच्या विद्युतक्षेत्राच्या धक्क्याने कधी कधी तीन प्रोटॉन निसटतात. झालं सोनं! मे २०२५ मध्ये अलिसच्या शास्त्रज्ञांनी हे मोजून जाहीर केलं. २०१५ ते २०१८ या काळात तिथे सोन्याची सुमारे ८,६०० कोटी केंद्रकं तयार झाली. वजन किती? एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग करा आणि त्यातले २९ घ्या. नथीतला मोती सोडाच, मोत्यावरच्या धुळीएवढंही नाही. आणि तेही क्षणात यंत्राच्या भिंतीवर आपटून मोडलं.

मग आईच्या मंगळसूत्रातलं सोनं आलं कुठून? इथे आपली मोहरी परत येते. दहा लाख टनांचा दाणा विश्वात खरोखर आहे. त्याचे आख्खे तारे आहेत! मोठा तारा मरताना कधी कधी त्याचा गाभा दबून दबून जवळपास केंद्रकाच्याच द्रव्याचा होतो. त्याला न्यूट्रॉन तारा म्हणतात. सूर्यापेक्षा जास्त वजन, पण रुंदी वीस-पंचवीस किलोमीटर. नातेपुत्याहून निघालात तर माळशिरसच्या थोडं पुढे जाऊन तारा संपला! असे दोन तारे एकमेकांवर आदळले, की सोन्यासारखी जड मूलद्रव्यं तयार होतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अशा टकरीच्या लहरी पृथ्वीवर पोचल्या. ती टक्कर १३ कोटी प्रकाशवर्षं दूर झाली होती. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला आपली प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. तिनेही नंतर त्या जागेकडून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपल्या.

न्यूट्रॉन तारा आणखी दाबला तर कोसळेल का? किती वजनापर्यंत तग धरेल? ते केंद्रकाचं द्रव्य किती दबतं यावर अवलंबून. ताऱ्याला टिचकी मारता येत नाही, म्हणून इथे टकरी. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी जर्मनीत झालेल्या सोन्याच्या केंद्रकांच्या टकरींची मापं आणि न्यूट्रॉन ताऱ्यांची निरीक्षणं एकाच हिशोबात मांडली, तर दोन्ही छान जुळली. प्रयोगशाळेतला अदृश्य थेंब आणि आकाशातला तारा, एकाच द्रव्याचे!

वर्गात हे सांगितलं की एक हात हमखास वर येतो. "बाई, पण याचा उपयोग काय?" प्रश्न चांगला आहे, आणि पालकही मनात तोच विचारत असतील, म्हणून गोल गोल उत्तर देत नाही. क्वार्कांच्या द्रवाचा आज घरात काहीही उपयोग नाही. पण आयनांना वेग देण्याची जी कला या कामासाठी शिकावी लागली, तिचा आहे. वेगवान कार्बन आयन शरीरात शिरले, की वाटेत थोडी आणि थांबण्याच्या जागी सर्वांत जास्त ऊर्जा सोडतात. म्हणून नेम धरून कर्करोगाच्या गाठीवर मारता येतात. जपानमध्ये चिबा इथे १९९४ पासून असे उपचार होतात. प्रोटॉन वापरून तसेच उपचार आपल्याकडे नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्रात होतात. कुलाब्याच्या यंत्रातले जड आयन उपग्रहात बसवायच्या चिपांवर मारून त्या अंतराळात टिकतील का, हेही तपासतात.

बाकी, खोडदची दुर्बीण बघायची असेल, तर दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास तिथे विज्ञान प्रदर्शन भरतं. गावोगावच्या शाळांची मुलं आपापले प्रयोग घेऊन येतात. आळूच्या पानाचा प्रयोगही नेता येईल. फक्त बाबांना सांगून ठेवा, दुर्बिणीजवळ मोबाइल बंद ठेवावा लागतो. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून येणारी कुजबुज ऐकायची असते ना, तिथे आपली रिंगटोन म्हणजे ढोल!